थोरल्या विहिरीचा ठिपका

“गावात कॉम्प्युटर कुणाला येतो?” अमृत सरपंचांनी ग्रामसभेत विचारलं आणि सगळी सभा एकदम चपला शोधायला लागली.

दोन हजार नऊ साल होतं. धोंडमाळ हे ओतूरच्या वरच्या अंगाचं गाव. अशा गावात कॉम्प्युटर येणारी पोरं कॉम्प्युटर आला की दुसऱ्या दिवशी पुण्याला जातात, हे सरपंचांनाही ठाऊक होतं. पण जिल्ह्याहून पत्र आलं होतं. पाणी योजनेच्या हापिसाने इंटरनेटवर तालुक्याचा नकाशा उघडा ठेवला होता. उघडा म्हणजे कुणीही, कुठूनही, कुठल्याही कॉम्प्युटरवर तो काढायचा, स्वतःचं नाव नोंदवायचं आणि आपल्या गावातल्या विहिरीवर ठिपका टाकायचा. ठिपक्याखाली मालकाचं नाव लिहायचं. महिनाभराने यंत्र गावातली माणसं आणि गावातल्या विहिरी यांचा मेळ घालून प्रत्येक गावाला रंग देणार. पाणी मुबलक असेल तर निळा, बेताचं असेल तर पिवळा, नसेल तर लाल. लाल गावाला त्याच वर्षी टाकी आणि नळ.

“आमच्या आरतीला येतं की,” मागून साळुबाई म्हणाली. “लग्नाआधी मंचरला कोर्स केलाय तिनं. सर्टिफिकीट हाय. मी बघितलंय.”

साळुबाई माळवस्तीवरची. वस्ती वर टेकाडावर आणि पाणी खाली ओढ्याकाठच्या थोरल्या विहिरीत. उतरताना अर्धा तास, चढताना डोक्यावर हंडा असला की विचारूच नका. गेल्या वैशाखात साळुबाई त्याच वाटेवर हंड्यासकट घसरली आणि उजवं मनगट मोडून बसली. ते बसलं, पण वाकडं बसलं. तेव्हापासून दोघींच्या वाटणीचं पाणी सून आरती एकटीच आणत होती, आणि साळुबाईला आपल्या मनगटापेक्षा सुनेच्या मानेची काळजी लागली होती. नळ वस्तीवर यावा, आणि आपण डोळ्यांनी बघावा, एवढंच तिचं म्हणणं होतं.

आरतीने काम मनावर घेतलं. आठ दिवस ती गाव पालथं घालत हिंडली, विहिरीत डोकावली, म्हाताऱ्यांना विचारलं आणि एके दुपारी ओतूरला गुलाबचंद शेठच्या कापडदुकानात गेली. दुकानाच्या माडीवर शेठच्या मुलाने, संयमने, चार कॉम्प्युटर मांडून सायबर कॅफे काढला होता. आरतीने तिथे बसून अकरा विहिरींचे अकरा ठिपके टाकले. काम चोख झालं. धोंडमाळ लालभडक दिसायला लागलं.

इथवर सगळं ठीक होतं. गोष्ट इथेच संपली असती तर बरं झालं असतं, पण आरतीने नको तेवढा उत्साह दाखवला. तिने नकाशाची मोठी रंगीत प्रिंट काढून घेतली आणि पंचायतीच्या भिंतीला डकवली.

आपलं गाव लाल आलं याचा आनंद गावाने साधारण पाच मिनिटं केला. मग प्रत्येकजण आपली विहीर शोधायला लागला. वरून काढलेला फोटो बघून कुंडलिकराव फार भारावले होते.

“खोडदच्या दुर्बिणीच्या छत्र्यांतून काढला असणार,” ते म्हणाले. “एवढ्या मोठाल्या छत्र्या उगं बसवल्यात व्हय? सगळं बघत्यात त्ये.”

“काका, त्या वर बघतात. आकाशात,” आरती म्हणाली.

“आन् वर बघून झालं की?” कुंडलिकरावांनी विचारलं.

एवढ्यात कुंडलिकरावांना थोरली विहीर सापडली आणि त्यांचा चेहरा उतरला. ठिपक्याखाली लिहिलं होतं: ‘थोरली विहीर. सावळेराम बहिरू’. सावळेराम म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. विहीर दोघांच्या वडिलांनी, बहिरूबाबांनी खोदलेली. दोघांची त्यात निम्मी निम्मी पाळी: चार दिवस याची मोटर, चार दिवस त्याची. एकदा कुणाची तरी मोटर पाचव्या दिवशी सकाळपर्यंत चालू राहिली. कुणाची, ते विचारू नका. तेव्हापासून अकरा वर्षं दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. आधीही एकदा नळयोजना आली होती. ती फक्त एवढ्यासाठी परत गेली की, विहिरीच्या संमतीच्या कागदावर दुसऱ्याच्या सहीखाली सही करायला दोघांपैकी एकही तयार नव्हता.

“पोरी, निम्मी विहीर माजी. माजं नाव कुटाय?”

“काका, विहीर एक, म्हणून ठिपका एक. थोरल्याचं नाव लिहिलं, बस्स. हा काही सातबारा नाही.”

“सरकारी कागदावर ज्याचं नाव, त्याची इहीर. आज नकाशात न्हाई, उद्या सातबाऱ्यात न्हाई, परवा मी न्हाई!”

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने कुंडलिकराव ओतूरला. संयमने त्यांचं नाव नोंदवलं. एकाच जागेवर दुसरा ठिपका यंत्र घेत नव्हतं, म्हणून त्याने तो जरा बाजूला टाकला.

“काका, तुमची विहीर रस्त्यात पडली. चालेल?”

“चालंल. नाव ठळक आलंय न्हवं?”

कुंडलिकरावांनी येताना प्रिंट आणली आणि आरतीच्या प्रिंटशेजारी चिकटवली. झालं! धोंडमाळमध्ये वाटणी न झालेली विहीर शोधून सापडायची नाही. एकेका विहिरीत चार-चार, सहा-सहा वाटेकरी. ज्याने त्याने आपला ठिपका टाकला. बापाने टाकला म्हणून वेगळ्या राहणाऱ्या लेकाने टाकला. दोघे चुलतभाऊ मुंबईत नोकरीला होते, त्यांनी कामावर बसून दुपारच्या सुट्टीत टाकले. एकाने बुजलेल्या विहिरीवर टाकला, कारण बुजली म्हणून हक्क काही बुजत नाही. नवा नकाशा भिंतीवर आला की ज्यांचं नाव नाही ते तोंड वाकडं करून ओतूरची गाडी धरायचे. विहिरी रस्त्यात पडल्या, देवळात पडल्या, शाळेच्या मैदानात तर तीन पडल्या. संयमच्या माडीवर धोंडमाळच्या लोकांना बसायला खाली दुकानातले कापडाचे गठ्ठे आणावे लागले.

ही बातमी अवसरी बुद्रुकपर्यंत गेली. तिथे कोंडाबाई दिली होती. बहिरूबाबांची लेक, सावळेरामहून धाकटी आणि कुंडलिकहून मोठी. बाप गेल्यावर तिने सगळ्या बहिणी करतात तेच केलं होतं: भावांनी पुढे केलेल्या हक्कसोडीच्या कागदावर अंगठा उमटवून, दिलेलं लुगडं घेऊन, डोळे पुसत सासरी गेली होती. तिचा मुलगा पप्पू मंचरच्या कॅफेत जाऊन आला आणि एक ठिपका वाढला: ‘थोरली विहीर. कोंडाबाई बहिरू’. सासरचं नाव नाही, आडनाव नाही. बापाचं नाव.

भिंतीवरचा तो ठिपका सगळ्यांनी बघितला. मग कुणीतरी दुसराच विषय काढला.

चौथ्या आठवड्यात आरतीने कॅफेत बसून नकाशा उघडला आणि तिचा हात माऊसवरून खाली आला. धोंडमाळात एकोणऐंशी विहिरी होत्या. गाव लालाचं पिवळं झालं होतं, पिवळ्याचं निळं झालं होतं, आणि आता तर तालुक्यात दुसऱ्या कुठल्या गावाला नव्हता असा गर्द निळा रंग धरून बसलं होतं. धरणाचं पाणी आणि धोंडमाळ यांत फरक कळत नव्हता.

सोमवारी हापिसाचे साहेब जीप घेऊन आले. आल्या आल्या त्यांनी सरपंचांचा हात हातात घेतला.

“अभिनंदन! माणशी एवढ्या विहिरी मी अख्ख्या जिल्ह्यात बघितल्या नाहीत. आता एक विनंती आहे. शेजारचं वडदरं लाल आलंय. तुमच्याकडचं थोडं पाणी पाइपने त्यांना देता येईल का, याची पाहणी करायला आलोय.”

अमृत सरपंचांना ठसका लागला. त्यांना पाणी द्यायचं म्हटलं तर पंचायतीच्या माठात पाणी नव्हतं. शेजारच्या घरातून कुणीतरी तांब्या आणेपर्यंत सरपंच खोकत राहिले आणि साहेब शेजारी उभे राहून गर्द निळ्या गावाकडे संशयाने बघू लागले.

“साहेब, चूक झाली,” आरती पुढे झाली. “विहिरी अकराच आहेत. बाकीचे वाटेकरी आहेत.”

“मग काढा ना जादा ठिपके. शुक्रवारी संध्याकाळी पाचला नकाशा बंद होणार. ज्याने टाकला त्यालाच काढता येतो, आम्ही हात लावत नाही. लोकांचा नकाशा आहे, लोकांनीच ठेवावा.” एवढं बोलून साहेब जीपमध्ये बसले.

त्याच दुपारी सभा बसली. आरतीने हात जोडले. “एका विहिरीला एक ठिपका ठेवा, बाकीचे काढा. नाहीतर नळ जातोय. अहो, माझ्या आत्याबाईंचं मनगट बघा एकदा!”

साळुबाईने मनगट वर केलं. सगळ्यांनी बघितलं, सगळे हळहळले, सगळ्यांनी ठिपका काढायचं कबूल केलं.

“आमी आत्ता काढतो,” कुंडलिकराव आढ्याकडे बघत म्हणाले. “फकस्त थोरल्यांनी आधी काढावा.”

“धाकट्याला म्हणावं, तू आधी काढ,” सावळेराम खांबाला म्हणाले. दोघे तीन हातांवर बसले होते.

प्रत्येक विहिरीचं हेच झालं. गुरुवार सकाळपर्यंत एकही ठिपका हलला नाही. आरती घरी आली ती चुलीपाशी बसून रडायलाच लागली. हंडे वाहून ती कधी रडली नव्हती.

“एवढी शिकले, आत्याबाई, आणि गावाचा नळ मीच घालवला. ती मेली प्रिंट चिकटवली नसती तर...”

“गप ए. तू न्हाई घालवला. ज्ये त्ये आपल्या नावाला धरून बसलंय.” साळुबाईने वाकड्या हाताने सुनेची पाठ चोळली. “मला सांग, आपला ठिपका कुणी खोडत न्हाई. दुसऱ्याचा खोडायची सोय न्हाई व्हय त्यात?”

आरतीने पदराने नाक पुसलं. सोय होती. प्रत्येक ठिपक्याखाली बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: ‘ही नोंद खोटी आहे’. दोन वेगळ्या माणसांनी ते दाबलं की ठिपका आपोआप जायचा.

“मग ही गोष्ट गावाला सांग,” साळुबाई म्हणाली, “आन् बाजूला व्हय.”

अर्ध्या तासात गावभर झालं. जे तीन दिवस हलले नव्हते ते अकराच्या एसटीला लोंबकळत निघाले. कुंडलिकराव बायकोला घेऊन गेले, कारण दोन माणसं लागत होती. त्याच गाडीत सावळेराम लेकाला घेऊन बसले होते. संयमच्या माडीवर दोन दिवस एकच गलका होता.

“संयमभाऊ, ह्यो बघा, ह्यो खोटा. ह्याची इहीर न्हाईच!”

“काका, मागच्या आठवड्यात तुम्हीच शेजारी बसून त्यांचा टाकायला लावला होता.”

“तवा खरा व्हता. आता त्यांनी माजा खोडला!”

आरतीने सांगितलं होतं की जादा तेवढेच खोडा. पण जादा कोण, तर दुसरा. याने त्याचा खोडला, त्याने याचा खोडला, आणि या खोडाखोडीत आरतीने टाकलेले अकरा खरे ठिपकेही गेले. शुक्रवारी पाचला पाच कमी असताना तिने नकाशा उघडला. धोंडमाळ कोरडं ठणठणीत होतं, आणि एवढं लाल की त्यापुढे वडदरं गुलाबी वाटत होतं. एकोणऐंशीपैकी एकच ठिपका शिल्लक होता: ‘थोरली विहीर. कोंडाबाई बहिरू’.

सावळेरामला वाटलं होतं, कुंडलिक खोडेल. कुंडलिकला वाटलं होतं, थोरला खोडेल. आणि बाकीच्या गावाने भावाभावांत हात घातला, तरी माहेरवाशिणीच्या नावावर बोट ठेवायची छाती कुणाची झाली नाही. हे कुणी कुणाशी ठरवलेलं नव्हतं.

आरतीच्या मनाला मात्र टोचत राहिलं. “आत्याबाई, अकराची एक दाखवली. हे पण खोटंच झालं की.”

“वस्तीवर पानी हाय का?”

“नाही.”

“मग लाल खरं,” साळुबाई म्हणाली. तरीही आरतीने साहेबांना फोन करून सगळं खरं सांगितलं. साहेब म्हणाले, अकरा धरल्या तरी गाव लालच, नळ मंजूर. “पण टाकीला पाणी थोरल्या विहिरीतूनच घ्यावं लागेल. संमतीचा कागद तयार करा. पहिली सही नकाशावरच्या मालकाची, त्याखाली सातबाऱ्यावरच्यांच्या.”

सावळेराम सातबारा घेऊन हापिसात जाऊन आले. कुंडलिकरावही वेगळ्या गाडीने जाऊन आले. साहेबांनी दोघांना तेच सांगितलं. नकाशावरचा ठिपका पटत नसेल, तर टाकला त्याने काढावा, दुरुस्तीला आठ दिवस आहेत. मग काय? सरपंचांनी जीप काढली आणि अकरा वर्षांनी दोघे भाऊ एका सीटवर बसले. मध्ये आरती बसली होती, म्हणून जमलं.

अवसरीत कोंडाबाई दारात बटाटे निवडत होती. भाऊ बघून तिने पाटी बाजूला सारली, पदर सारखा केला, पाणी दिलं, चहा टाकला. कामाचं कुणी काढेना. शेवटी पप्पूनेच विचारलं, “मामा, ठिपक्यासाठी आलात ना?”

“व्हय रं,” कुंडलिकराव म्हणाले. “तेवढा काढून टाक. पुन्यांदा बसून नीट लिहू.”

पप्पूने मान खाली घातली. “मामा, पासवर्ड विसरलोय. त्याशिवाय उघडतच नाही. लई प्रयत्न केला.”

सावळेरामांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग आरतीने पिशवीतून संमतीचा कागद काढला आणि कोंडाबाईला काय लिहिलंय ते वाचून दाखवलं. कोंडाबाईने ऐकलं, आणि म्हणाली, “नकाशा हाय का संगट? मला बघायचाय.”

आरतीने प्रिंट जमिनीवर पसरली. ठिपक्यावर बोट ठेवून दाखवलं. कोंडाबाई बराच वेळ वाकून बघत राहिली.

“दादा, ध्यानात हाय का? इहीर खोदताना मुरमाच्या पाट्या मी वाहिल्या. तू शाळंत जायचा. ह्यो कुंडलिक पाळण्यात व्हता. पानी लागलं तवा बाबा म्हणले, कोंडे, पयली वंजळ तुजी.” तिने नकाशावरून मान वर केली. “मागं अंगठा घ्यायला आलाता तवा लुगडं आणलं व्हतं. आज मोकळंच आलात?”

कुंडलिकरावांच्या डोळ्यांतून पाणी आलं, तेव्हा सावळेरामांनी अकरा वर्षांत पहिल्यांदा त्याच्याकडे बघून शब्द काढला. “रडू नगंस. नाक पूस.”

“लुगडं नगं मला,” कोंडाबाई म्हणाली. “अंगठा देत्ये. वस्तीवरच्या बायांना पानी मिळंल, माजं काय जातंय? साळू चांगली हाय का गं? नवी नवरी व्हती तवा आमी दोगी पान्याला जायचो.”

“मी त्यांचीच सून,” आरती म्हणाली.

कोंडाबाईने शाईत अंगठा बुडवला आणि सगळ्यात वर, मालकाच्या जागी उमटवला. खाली दोन सह्या राहिल्या होत्या. इथेच एकदा नळ अडला होता. सावळेरामांनी कागद बघितला, कुंडलिकरावांनी बघितला. दोघांच्या वर बहीण होती, एकाच्या वर दुसरा नव्हता. सावळेरामांनी डावीकडे सही केली आणि उजवीकडे जागा सोडली. कुंडलिकरावांनी त्याच ओळीत सही केली.

जीप सुरू झाली तसे भाऊ पुढे जाऊन बसले. आता दोघे मोटरीवरून भांडत होते. निदान तोंडाने भांडत होते. आरती प्रिंट घ्यायला परत दाराशी आली, तर कोंडाबाईने ती आधीच भिंतीला, देवाच्या फोटोशेजारी टेकवून ठेवली होती.

“आक्का, एक सांगू?” आरती म्हणाली. “पासवर्ड विसरला तरी नवा काढता येतो. पप्पूभाऊंना शिकवू का?”

कोंडाबाईने एकदा बाहेर बघितलं, जीप लांब आहे याची खात्री केली आणि पोरीच्या कानाशी आली.

“त्येच्या ध्यानात हाय गं. मीच त्येला म्हणले, इसर.”